परडी आणि आहेर

१० ऑक्टोबर १८८५ रोजी अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरी, स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातील एका स्वागतसमारंभाच्या निमित्ताने, तीन परदेशी विद्यार्थिनींचे एकत्र छायाचित्र घेण्यात आले. एक जपानची केइ ओकामी, दुसरी दमास्कसहून आलेली इस्लाम्बूली, आणि तिसरी आपल्या कल्याणची आनंदीबाई जोशी. तिघींनीही आपापल्या देशीचा पेहराव केलेला आहे, आणि तिघींच्याही मुद्रेवर त्या काळच्या छायाचित्रांत हटकून दिसणारे गांभीर्य आहे. त्या महाविद्यालयाचे दप्तर कालांतराने ड्रेक्सेल विद्यापीठाकडे आले; विद्यापीठाच्या दप्तरखान्याने ते चित्र आपल्या संकेतस्थळावर मांडले; आणि जे पाहण्यासाठी पूर्वी अभ्यासकाला समुद्र ओलांडून, अर्जविनंत्या करून, पांढरे हातमोजे चढवून बसावे लागले असते, ते आता कल्याणच्या स्टेशनावर लोकलची वाट पाहणारी एखादी शाळकरी मुलगीही मोबाइलवर पाहू शकते.

परंतु या चित्राबरोबरची जुनी नोंद वाचताना मराठी वाचक थबकतो. आनंदीबाईंच्या नावापुढे त्यांचे गाव म्हणून जे लिहिले आहे ते 'सेरॅनिसोर' अशा काहीशा वळणाचे आहे, आणि या नावाचे गाव हिंदुस्थानच्या नकाशावर कोठेही नाही. ज्याने आनंदीबाईंचे चरित्र एकदा तरी वाचले आहे त्याला मात्र उलगडा होण्यास क्षणाचाही विलंब लागत नाही: त्यांचे पती गोपाळराव टपालखात्याच्या नोकरीत बंगालमधील सेरामपूर येथे बदलून गेले होते, तेथूनच १८८३ साली आनंदीबाई पतीशिवाय अमेरिकेस निघाल्या, आणि तेच सेरामपूर कोणा लेखनिकाच्या हातून, किंवा हस्ताक्षर उतरवून घेणाऱ्याच्या डोळ्यांतून, असे विरूप होऊन बाहेर पडले असावे. दमास्कसच्या विद्यार्थिनीचेही असेच. जुन्या नोंदीत तिचे नाव 'ताबात' असताना नंतरच्या असंख्य लेखांतून ती 'साबात' म्हणून वावरते आहे.

या छायाचित्राच्या कागदाला काही झालेले नाही. तो उत्तम कोरड्या हवेत, उत्तम पेटीत, उत्तम पगार घेणाऱ्या माणसांच्या देखरेखीखाली सुखरूप आहे. ज्याच्यापाशी कागद आहे त्याला गाव ठाऊक नाही आणि ज्याला गाव ठाऊक आहे त्याच्यापाशी कागद नाही, एवढीच काय ती अडचण. आणि स्थानिक इतिहासाचे काम करणाऱ्या प्रत्येकाला, मग तो वाईचा असो वा वेलिंग्टनचा, याच अडचणीशी जन्मभर झुंजावे लागते. ग्रंथालयांनी आपापली संकेतस्थळे उभारण्यामागचा खरा लाभ मला या दोघांची गाठ पडण्यात दिसतो. ही गाठ कशी घालावी याचा सर्वांत सुंदर धडा ज्या ग्रंथालयाने घालून दिला, त्याचे नाव आपल्याकडे फारसे कोणाच्या कानावरून गेलेले नसेल.

न्यूझीलंडच्या उत्तर बेटावर, राजधानी वेलिंग्टनच्या उत्तरेस सुमारे ९५ किलोमीटरवर, होरोफेनुआ नावाचा जिल्हा आहे. जिल्हा म्हटला म्हणून साताऱ्या-सोलापुरासारखे काही डोळ्यांपुढे आणू नये. माणसांच्या हिशेबाने तो आपल्या एखाद्या तालुक्याच्या गावाएवढाच भरेल. लेविन हे त्यातले मुख्य गाव, फॉक्सटन आणि शॅनन ही धाकटी. या तीन गावांची सार्वजनिक ग्रंथालये एका विश्वस्त संस्थेच्या कारभाराखाली होती. १९९९ साली, जुन्या संगणकांना २००० हे वर्ष ओळखता येणार नाही या धास्तीने सारे जग व्याकूळ झाले असताना, या संस्थेपुढेही प्रश्न उभा राहिला की पुस्तकांच्या देवघेवीचा हिशेब ठेवणारी आपली जुनी यंत्रणा आता निकामी होणार, तर नवी कोठून आणावी. बाजारातल्या तयार यंत्रणांच्या किमती आणि त्यांचे सालोसालचे शुल्क त्या लहानशा संस्थेच्या आवाक्यातले नव्हते. तेव्हा त्यांनी एका छोट्या स्थानिक कंपनीकडून आपल्या गरजेपुरती आज्ञावली नव्याने लिहवून घेतली, जानेवारी २००० मध्ये ती कामास लावली, आणि त्यानंतर जे केले ते व्यवहारी माणसाला चक्रम वाटावे असे होते: ती आज्ञावली कोणीही विनामूल्य घ्यावी, वापरावी, हवी तशी बदलावी आणि केलेला बदल पुन्हा सर्वांना खुला ठेवावा, अशा सनदेवर त्यांनी ती जगाच्या स्वाधीन केली.

तिचे नाव त्यांनी ठेवले 'कोहा'. माओरी लोकांत पाहुणा यजमानाकडे जाताना जी भेट घेऊन जातो आणि जिची परतफेड पुढेमागे कोणत्या ना कोणत्या रूपाने होणार हे उभय पक्षी गृहीत असते, त्या भेटीला कोहा म्हणतात. मराठीत याला 'आहेर' याहून नेमका शब्द मला सुचत नाही. आपल्याकडेही आहेर प्रेमानेच दिला जातो, आणि कोणाचा किती आला याची वही मात्र घरोघर जपून ठेवलेली असते. ही भेट आज जगभरच्या हजारो ग्रंथालयांत पोहोचली आहे. दिल्लीच्या सार्वजनिक ग्रंथालयात ती आहे. महाराष्ट्रातील कित्येक महाविद्यालयांत पुस्तक बदलून देणारा कर्मचारी दिवसाकाठी शंभरदा तिच्या पडद्याकडे पाहतो, आणि हा शब्द कोणत्या भाषेतला हे विचारण्याचे त्याला काही कारण पडत नाही. परतफेडही झाली. २०११ साली एका परदेशी कंपनीने 'कोहा' हे नावच न्यूझीलंडात आपल्या मालकीचे म्हणून नोंदवण्याचा घाट घातला, तेव्हा लेविनच्या ग्रंथालयाने वकिलाच्या खर्चासाठी जगाला हाक घातली आणि देशोदेशींहून देणग्या आल्या.

माझ्या विषयाच्या दृष्टीने या ग्रंथालयाचे दुसरे कृत्य अधिक मोलाचे आहे. २००७ साली त्यांनी 'केटे' नावाची आणखी एक आज्ञावली सिद्ध केली. केटे म्हणजे विणलेली परडी. ताने नावाच्या देवाने स्वर्ग चढून जाऊन ज्ञानाच्या तीन परड्या मानवासाठी खाली आणल्या, अशी माओरी परंपरेतील कथा आहे. तिचे स्मरण ठेवून हे नाव योजले गेले. कल्पना अशी की ग्रंथालयाने संकेतस्थळाच्या रूपाने एक परडी गावापुढे ठेवावी आणि गावकऱ्यांनी तीत आपल्यापाशी असेल ते घालावे: आजोबांच्या काळची छायाचित्रे, शाळेच्या सुवर्णमहोत्सवाची स्मरणिका, एखाद्या बुजुर्गाच्या आठवणींचे ध्वनिमुद्रण, सभेचे जुने कार्यवृत्त, किंवा नुसती चार ओळींची हकीकत. फॉक्सटन हे एके काळी अंबाडीसारख्या एका वनस्पतीचा वाख काढणाऱ्या गिरण्यांचे गाव. हाराकेके हे त्या वनस्पतीचे माओरी नाव. गिरण्या बंद झाल्या, यंत्रे भंगारात गेली, पण गिरणीच्या दारात रांगेने उभ्या असलेल्या कामगारांची चित्रे अशा गावात घरोघरी पेट्यांतून निघतात, आणि त्या रांगेतला डावीकडून चौथा कोण हे सांगणारी माणसे दरसाल कमी होत जातात. ग्रंथपालाने कितीही पदव्या घेतल्या तरी डावीकडून चौथ्याचे नाव त्याला कोणत्याही संदर्भग्रंथात मिळणार नाही. ते त्या चौथ्याच्या पुतणीलाच ठाऊक असते, आणि पुतणीला नाव लिहिता यावे एवढीच तजवीज ग्रंथालयाने करावयाची असते.

या परडीची रचना मुद्दाम सांगण्यासारखी आहे. जो मजकूर येई तो आधी कोणा समितीपुढे ठेवून, तिच्या शेऱ्यासाठी तिष्ठत न ठेवता, प्रसिद्ध होऊ देण्याचा तिचा कल होता. त्यात चूक दिसली तर वाचकाने तीवर खूण करावी, जाणकाराने दुरुस्ती करावी, आणि पूर्वीचे रूप पुसून न टाकता आधीच्या आवृत्त्या मागे तशाच राखाव्यात, म्हणजे कोणी कधी काय बदलले याचा दाखला राहतो. प्रत्येक वस्तूखाली चर्चेस जागा होती. न्यू प्लिमथ, मास्टरटन अशा गावांनीही पुढे आपापल्या परड्या मांडल्या. गावकरी पोरकट मजकूर घालतील, भाऊबंदकीची भांडणे चव्हाट्यावर आणतील, ही भीती कोणाही कार्यकारी मंडळाच्या मनात प्रथम येईल, आणि आपल्याकडील मंडळांच्या मनात तर ती प्रथम येऊन शेवटपर्यंत टिकेल. म्हणून या भीतीचा निकाल अन्यत्र फार मोठ्या प्रमाणावर कसा लागला तेही सांगितले पाहिजे.

ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने जुन्या वृत्तपत्रांचे अंकीकरण हाती घेतले आणि २००८ साली पहिली पाने लोकांपुढे ठेवली. पुढच्या वर्षी 'ट्रोव्ह' या नावाखाली हा सारा संग्रह एकत्र आला. त्यातली सर्वांत जुनी वृत्तपत्रीय पाने १८०३ सालच्या 'सिडनी गॅझेट'ची आहेत. पानाचे चित्र घेतल्यावर यंत्राकडून अक्षरे ओळखून घ्यावी लागतात, त्याशिवाय शब्द शोधता येत नाही; आणि झिजलेले खिळे, पसरलेली शाई, पिवळा पडलेला कागद यांच्यापुढे यंत्राची मती इतकी गुंग होते की रोमन लिपीतले आर आणि एन शेजारी आले की ते त्यांना बिनदिक्कत एम समजते. कोट्यवधी ओळी तपासण्यास पगारी माणसे नेमावयाची तर सरकारी खजिनाही पुरला नसता. ग्रंथालयाने युक्ती केली: एका बाजूस पानाचे चित्र, दुसऱ्या बाजूस यंत्राने ओळखलेला मजकूर, आणि वाचकाने दिसेल ती चूक तेथेच दुरुस्त करावी. नाव नोंदवण्याचीही सक्ती नव्हती. या कामाच्या प्रमुख रोझ हॉली यांनी २००९ साली अहवाल लिहिला, तोपर्यंत खोडसाळपणाचा एकही प्रकार त्यांना आढळला नव्हता. लोक आपण होऊन येत होते. कोणी आपल्या घराण्याचा शोध घेता घेता, कोणी आपल्या गावचे वृत्तपत्र आपणच नीट केले पाहिजे अशा ईर्षेने, कोणी निवृत्तीनंतरचा वेळ सत्कारणी लावण्यासाठी, रोज तासन् तास बसून सव्वाशे वर्षांपूर्वीच्या लिलावाच्या जाहिराती आणि पावसाच्या बातम्या शुद्ध करीत होते. एकोणिसाव्या शतकातील स्त्रियांनी स्त्रियांसाठी चालवलेले 'द डॉन' हे मासिक सरकारी यादीत येत नव्हते, तर लोकांनी वर्गणी काढून त्याच्या अंकीकरणाचा खर्च उचलला आणि २०१२ च्या महिलादिनी ते सर्वांना खुले झाले.

आता घराकडे वळू. कागदांच्या शोधात पायपीट करण्याची परंपरा आपल्याला नवी नाही. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनी मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचा पहिला खंड १८९८ साली प्रसिद्ध केला, त्यापुढे एकवीस खंड आणखी काढले, आणि त्यासाठी वाळवी लागलेल्या रुमालांच्या मागे ते देशभर हिंडले. १९१० साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झाले, तेथे लोक सापडलेला एखादा कागद घेऊन येत, तो सभेत वाचीत, आणि समोरच्या चार जाणकारांकडून त्यातला एखादा शब्द किंवा एखाद्या गावाचे नाव दुरुस्त करून घेत. लेविनच्या परडीत जे घडले त्याचेच हे पूर्वरूप. फरक इतकाच की पुण्याच्या सभेला पुण्यातच हजर राहावे लागे.

आज मुंबईच्या एशियाटिक सोसायटीने 'ग्रंथसंजीवनी' या नावाने आपल्याकडील दुर्मिळ ग्रंथ, नियतकालिके आणि नकाशे संकेतस्थळावर आणले आहेत. शासनाच्या दर्शनिका विभागाने जिल्हावार दर्शनिका खुल्या केल्या आहेत. आणि मराठी विश्वकोशाचे खंड कोणालाही घरबसल्या चाळता येतात. ही कामे मोठी आहेत. पण महाराष्ट्रात १९६७ च्या ग्रंथालय कायद्याखाली मान्यता मिळालेली सार्वजनिक ग्रंथालये अकरा-बारा हजारांच्या घरात आहेत, आणि त्यांपैकी ज्यांनी स्वतःची संकेतस्थळे उभारली त्यांतील बरीचशी मी उघडून पाहिली, तेव्हा मला पुष्कळदा एकच चित्र दिसले: दर्शनी भागी इमारत, मग अध्यक्षांचे मनोगत, मग कार्यकारी मंडळाची ओळखपत्रापुरती छायाचित्रे, वर्गणीचे दर, आणि एका ओळीत अशी नोंद की संस्थेच्या संग्रही इतके दुर्मिळ ग्रंथ आहेत. कोणते, ते नाही. गावाविषयी अवाक्षर नाही. ज्या ग्रंथालयाच्या माळ्यावर गावच्या पहिल्या नगरपालिकेचे ठराव, बंद पडलेल्या साप्ताहिकाच्या फायली आणि गणेशोत्सवातील व्याख्यानांच्या हस्तपत्रिका गठ्ठ्यांत बांधून पडल्या आहेत, त्याच्या संकेतस्थळावरून परक्या माणसाला गावाचे नाव तेवढे कळते.

या गठ्ठ्यांना बाहेर काढणे वाटते तितके खर्चाचे नाही. खर्च आहे तो धीराचा. कागदाचे चित्र घेणारे यंत्र आज तालुक्याच्या झेरॉक्सच्या दुकानातही मिळते. मात्र अव्वल प्रत म्हणून दर इंचास निदान ३०० ठिपक्यांची, न दाबलेली फाइल निराळी राखावी, आणि संकेतस्थळासाठी तिच्यावरून हलकी प्रत करावी, हा नियम पाळला पाहिजे, कारण हलकी प्रत पुन्हा भारी होत नाही. त्याहून वेळखाऊ काम नोंदींचे. शीर्षक, कर्ता, तारीख, विषय, स्थळ, हक्क अशी पंधरा रकान्यांची एक जगन्मान्य चौकट आहे. तिला 'डब्लिन कोअर' म्हणतात, आणि पुष्कळांचा समज होतो त्याप्रमाणे ते डब्लिन आयर्लंडचे नसून अमेरिकेतील ओहायो राज्यातले एक गाव आहे, जेथे १९९५ साली ग्रंथपाल आणि संगणकतज्ज्ञ एकत्र बसले होते. हे रकाने आपल्या ग्रंथपालांना अपरिचित नाहीत. दाखल नोंदवहीत ते आयुष्यभर असलेच रकाने भरत आले आहेत. स्थळाच्या रकान्यात मात्र आजचे नाव आणि कागदावरचे नाव अशी दोन्ही नावे असावीत, एवढी भर मी घालीन. गावे नावे बदलतात, आणि जुने नाव शोधणारा माणूस नव्या नावाशी अडखळून परत जातो.

हक्काचा प्रश्नही नजरेआड करता येत नाही. आपल्या कायद्याप्रमाणे लेखकाच्या निधनानंतर साठ वर्षे त्याच्या लेखनावर वारसांचा हक्क राहतो. ट्रोव्हमधील बहुतेक वृत्तपत्रे १९५४ पाशी येऊन थांबतात त्यामागेही तेथील कायदाच आहे.

आपल्या भाषेची म्हणून एक खास अडचण आहे, ती लिपीची. देवनागरी छपाईतील अक्षरे ओळखण्यात यंत्रे आता बरीच तरबेज झाली आहेत, तरी घ आणि ध, म आणि भ यांत ती आजही घोटाळतात, आणि शिळाछापाची जुनी पुस्तके समोर आली की पुरती गोंधळतात. मोडीचे कागद तर अजून बहुतांशी माणसांच्याच डोळ्यांवर अवलंबून आहेत. मोडी शाळांतून १९५० च्या सुमारास गेली, तेव्हा ज्यांनी ती लहानपणी पाटीवर गिरवली त्या पिढीचे आता थोडेच लोक उरले. येथे ट्रोव्हची युक्ती आपल्याला जशीच्या तशी उपयोगी पडते, आणि तिचा एक मराठी अवतार चालूही आहे. मराठी विकिस्रोतावर पुस्तकाच्या प्रत्येक पानाचे चित्र आणि त्याचा मजकूर शेजारी शेजारी असतो. न तपासलेले पान तांबडे, एकाने तपासलेले पिवळे, आणि दुसऱ्याने पुन्हा पडताळले की हिरवे. एकाने तपासले ते दुसऱ्याने पाहिल्याशिवाय पक्के धरावयाचे नाही, ही जुन्या छापखान्यातल्या मुद्रितशोधकांची वहिवाट. तिला रंग तेवढे नवे मिळाले. एखाद्या तालुक्याच्या ग्रंथालयाने आपल्या गावच्या शंभर मोडी कागदांची चित्रे अशी मांडली आणि मोडी शिकणाऱ्या मुलांना वाचनासाठी दिली, तर त्या मुलांना सरावाचे साहित्य मिळेल आणि कागदांना वाचक.

संकेतस्थळ म्हणजे अमरपट्टा, हा समज मात्र धोक्याचा आहे. एका लहान गावच्या वाचनालयाने हौसेने केलेले, गावच्या जुन्या मंदिरांची आणि जत्रांची माहिती देणारे एक संकेतस्थळ मी वर्षभर अधूनमधून वाचीत असे. एके दिवशी ते उघडले तर तेथे परदेशी जुगाराची जाहिरात झळकत होती. चौकशी केली तेव्हा समजले की नावाच्या नूतनीकरणाचे काहीशे रुपये भरावयाचे राहून गेले, कारण ज्या तरुणाच्या मोबाइलवर स्मरणपत्र येई तो नोकरीनिमित्त गाव सोडून गेला होता. कागदाला वाळवी लागण्यास निदान काही वर्षे लागतात. म्हणून संकेतस्थळेही कोणीतरी जपली पाहिजेत हे ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने १९९६ सालीच ओळखले आणि 'पँडोरा' नावाने देशातील संकेतस्थळांच्या प्रती साठवण्यास आरंभ केला. पैशाची चिंता त्यांनाही सुटलेली नाही. २०२३ च्या आरंभी तर ट्रोव्ह बंद पडते की काय अशी वेळ आली होती. लोकांनी ओरड केली, आणि एप्रिलमध्ये सरकारने चार वर्षांसाठी ३.३ कोटी डॉलर, व त्यापुढे दरसाल ९२ लाख डॉलर देण्याचे मान्य केले. आयुष्याची संध्याकाळ ज्यांनी त्या ओळी शुद्ध करण्यात घालवली होती, ते लोक त्या ओरडीत पुढे असल्यास नवल नाही.

फिलाडेल्फियाच्या त्या छायाचित्राकडे मी पुन्हा गेलो, ते सेरामपूरसाठी. आनंदीबाई ज्या गावाहून निघाल्या ते गाव मराठी ग्रंथव्यवहाराला परके नाही. विल्यम कॅरी यांचे मराठी व्याकरण १८०५ साली तेथल्याच मिशनच्या छापखान्यात छापले गेले. १८१० साली तेथे मराठी शब्दकोश निघाला, आणि त्यातील मराठी शब्द मोडीच्या खिळ्यांनी जुळवलेले होते. कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४ सालचे. आनंदीबाईंचा जन्म तेथलाच, पुढच्या वर्षीचा. त्या दप्तरखान्याच्या पत्त्यावर पाठवण्यासाठी मी तीन ओळींचे पत्र लिहिले आहे. पहिल्या ओळीत गावाचे नाव, दुसऱ्या ओळीत ते कसे उच्चारतात, आणि तिसऱ्या ओळीत अशी विनंती की जुनी नोंद खोडू नये, तिच्याखाली ही लिहावी.